बेचाळिसाव्या दिवसाचं पाणी

"तुझी दर तिसऱ्या दिवशी कुणाबरोबर डेट असते का रे?"

हा प्रश्न माझा नव्हता. शप्पथ! प्रश्न मनालीचा, पैज दिव्याची, आणि तोंड तेवढं माझं. "चांदणी, तू विचारलंस तर महिनाभर तुझ्या वह्या मी पूर्ण करून देईन," असं दिव्या म्हणाली होती. आणि वह्या पूर्ण करून मिळणं ही माझ्यासाठी काय चीज होती, ते पुढे कळेलच.

तर मी उठले, तीन बाकं ओलांडली आणि विचारून टाकलं. काशीनाथ सरांच्या क्लासमध्ये. भर सोमवारी, सर यायच्या आधी.

क्लास भाईंदर पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावरच्या खोलीत. संध्याकाळी पाचला खाली फाफडा तळायला घेतला की वर आमची गणितं चुकायला लागायची. प्रज्ञाशोध परीक्षेची तयारी करणारे आम्ही एकवीस जण, सगळे दहावीचे. आणि तो, सुयोग, उत्तनजवळच्या डोंगरीहून बसने येणारा. शेवटचं बाक, खिडकीजवळ. पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलेलं. कुणाशी बोलायचा नाही, पण सरांनी गणित घातलं की उत्तर पहिलं त्याचं. फक्त दर तिसऱ्या दिवशी गायब! मनाली दाराजवळ बसते, तिने महिनाभर नोंद ठेवली होती.

त्याने मान वर केली. टोपण तोंडातून काढलं.

"हो," तो म्हणाला. "असते."

माझ्या मागे दिव्याचा 'हाऽऽ' असा श्वास ऐकू आला. पैज इथेच संपली होती खरं तर. पण माझी जीभ थांबते थोडीच?

"कोणाशी?"

"नळाशी."

"…काय?"

"आमच्याकडं दोन दिवसांआड पाणी येतं. बरोबर पाचला. आई नि आजी अबोलीच्या वेण्या घेऊन बाजारात बसतात, बाबा रिक्षावर. घरी मीच हाय." मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, "आणि तू? एक दिवसाआड तू कुठं असतेस?"

माझे कान असे तापले ना! कारण खरंच, मी स्वतः एक दिवसाआड क्लासला नसायचे. म्हणून तर दिव्याच्या वह्या. आमच्या बिल्डिंगची मोटर गणपतीच्या आधीपासून बंद, पाणी खाली टाकीपाशीच भरायचं आणि तिसऱ्या मजल्यावर न्यायचं. आई हाटकेशच्या युनिटमध्ये प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं बसवते, आठ वाजता येते. पप्पा फोर्टच्या ऑफिसातून त्यानंतर. मग उरते कोण?

"मी पण… नळावरच," मी म्हटलं. "पण तुला कसं माहीत?"

"मधल्या बाकावर जागा मोकळी दिसते ना." त्याने टोपण पुन्हा तोंडात घातलं. "म्हणून."

म्हणजे हा पण मोजत होता!

"वा वा!" दारातून आवाज आला. काशीनाथ सर. कधीपासून उभे होते देव जाणे. आमचे सर कुठल्याही गोष्टीचं गणित करतात. एकदा त्यांच्या चपला चोरीला गेल्या तर त्याचंही केलं होतं. त्यांनी सरळ खडू उचलला. "चला, आजचं उदाहरण आयतं मिळालं. एका वसाहतीत एक दिवसाआड पाणी येतं, दुसरीत दोन दिवसांआड. काल रविवारी दोन्हीकडे आलं होतं ना रे? ना गं? बरं. तर पुन्हा एकाच दिवशी कधी येईल?"

"लसावि, सर!" अर्धा वर्ग ओरडला. लसावि म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी सर्वात लहान संख्या, ते काय, पाठच होतं सगळ्यांचं. "एक आणि दोनचा लसावि दोन! दोन दिवसांनी!"

"सहा," मी म्हणाले.

"सहा," तो म्हणाला. त्याच क्षणी. शेवटच्या बाकावरून.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सर हसले. "बघा. ज्यांनी हंडे उचललेत त्यांनाच कळलं. एक दिवसाआड म्हणजे दर दोन दिवसांनी. दोन दिवसांआड म्हणजे दर तीन दिवसांनी. परीक्षेत एक नि दोन घेऊन बसलात तर गेला मार्क. दोन आणि तीनचा लसावि सहा. म्हणजे," त्यांनी खडू झटकला, "येत्या शनिवारी ही दोघं मिळून दांडी मारणार!"

वर्ग खो खो हसला. मी पण हसले. मागे वळले तर तो खाली मान घालून हसत होता, आणि त्याला डाव्या गालावर खळी पडते हे मला त्या दिवशी समजलं.

त्या रात्री मी वहीच्या शेवटच्या पानावर एक ते सहा लिहिले. माझे दिवस खोडले: दोन, चार, सहा. त्याचे खोडले: तीन, सहा. काय उरलं? एक आणि पाच. सहा दिवसांत दोनच दिवस आम्ही दोघंही क्लासला असणार. आणि मी एवढी वर्षं समजत होते की लसावि म्हणजे भेटण्याचा दिवस! घंटा एकत्र वाजतात, दिवे एकत्र लागतात, धावणारे एकत्र येतात. आमचा लसावि मात्र दोघांच्याही गैरहजेरीचा. धन्य!

पण एक आणि पाच… तेही कमी नव्हते.

* * *

पुढच्या 'पाच'ला मी सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मनालीने डोळे फिरवले. फिरवू दे.

"सरक," मी म्हटलं.

"जागा हाय की तिकडं."

"तिकडची मोकळी दिसायला हवी ना. कुणीतरी मोजतं म्हणे."

तो सरकला. इतका सरकला की भिंतीत जाईल असं वाटलं.

त्या दिवशी मला कळलं, हा लसावि काढताना अवयव-बिवयव काही पाडत नाही. मी शिडी मांडून एकेका संख्येला भागत बसायचे, तोवर हा पर्यायावर खूण करून पेन चावत बसलेला!

"चीटिंग करतोस," मी म्हणाले.

"न्हाय गं. बघ. बारा, पंधरा, वीस. मोठा कोण? वीस. त्याचाच पाढा म्हण. वीसला पंधराने भाग जात न्हाय. चाळीस, न्हाय. साठ… जातो? बाराने पण जातो? झालं. मोठ्याला धरायचं नि धाकट्यांना विचारत जायचं."

"एवढंच?"

"एवढंच. परीक्षेत मिनिटभर मिळतं एका गणिताला, शिडी कुठं बांधत बसतेस?"

मी उडालेच. कारण पाढे म्हणजे माझा हातखंडा! आमच्या जिन्याला मजल्यागणिक अठरा पायऱ्या. हंडा कमरेवर, कळशी हातात, आणि तोंडात पाढा. एकोणीसचा पाढा मी पहिल्या मजल्यावर सुरू करते नि तिसऱ्यावर संपवते. मी नापास होईन असं आठवीपर्यंत सगळ्यांना वाटायचं, मलाही. गणित मला शाळेने नाही, त्या जिन्याने शिकवलं.

पण त्याच्या खालचंच गणित बघितलं आणि मला माझी संधी दिसली. '५ पेक्षा मोठी अशी लहानात लहान संख्या कोणती, जिला १२, १५ व २० ने भागले असता प्रत्येक वेळी ५ उरतात?' पठ्ठ्याने ६० वर खूण केलेली.

"आणि उरलेले पाच कुठे गेले?"

"कुठले?"

"अरे, प्रत्येक वेळी पाच उरतात म्हटलंय! साठात ते मिळवायचे. पासष्ट. तू घाईघाईने साठ केलेस नि उरलेल्यांना सोडून दिलंस. बिचारे."

त्याने कपाळावर हात मारला. "दर वेळी हेच होतं माझं."

"यापुढे नाही होणार. मी आहे ना."

हे मी काय बोलून गेले ते मला दोन सेकंदांनी कळलं. त्याला तीन. मग आम्ही दोघंही फळ्याकडे अशा भक्तिभावाने पाहू लागलो की सरांना शंका यावी.

क्लास सुटताना तो म्हणाला, "उद्या सहावा दिवस."

"हो."

"पाचला तू भरत असशील. मी पण भरत असेन."

"मग?"

"मग काय… काय न्हाय." आणि तो बसकडे पळाला.

काय न्हाय! दुसऱ्या दिवशी पाचला मी टाकीच्या नळाखाली हंडा लावला आणि विचार आला, आत्ता या मिनिटाला तिकडे डोंगरीला पण… बस, एवढाच विचार. आणि मग बराच वेळ एवढाच.

"अरे ओ चांदनी! पानी बह रहा है, बेटा! ध्यान किधर है?" पहिल्या मजल्यावरच्या अंबिकाबेन ओरडल्या. हंडा भरून ओसंडत होता, माझ्या चपला भिजल्या होत्या आणि मी हसत होते.

* * *

दिवस असे भराभर गेले! एक आणि पाच, एक आणि पाच. दिवाळीचे चार दिवस मधेच आले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीला नावं ठेवली. एका 'एक'ला माझ्या कंपासपेटीत अबोलीची तीन फुलं निघाली. अबोलीला वास नसतो. तरी मी हुंगली. एका 'पाच'ला मी त्याला नवं पेन दिलं आणि सांगितलं, "टोपण चावलंस तर परत घेईन." पुढल्या वेळी पाहिलं तर टोपण जसंच्या तसं, आणि पेन खिशाला नव्हे, वहीत जपून ठेवलेलं. जुनंच चावत होता वेडा.

सरांनी एकदा दोघांच्या सराव पेपरवर मोठी टिकमार्क केली आणि म्हणाले, "या वर्षी क्लासमधून दोघं तरी निघाले तर ती ही दोघं असतील. ऐकताय ना? परीक्षा दहावीत एकदाच. पुढच्या वर्षी देऊ, असला प्रकार नाही."

मी ते घरी येऊन तीनदा सांगितलं. आई म्हणाली, "हो का? बरं. कणीक मळ."

मग आला तो मंगळवार. परीक्षेला पाच दिवस उरलेले. सरांनी हॉलतिकिटं वाटली. केंद्र ठाण्याला, रविवारी, पहिला पेपर अकराला, दुसरा सुटणार चारला. मग शेवटची सराव पत्रिका. चौदावं गणित: 'तीन दिवे अनुक्रमे २, ३ व ७ सेकंदांनी लागतात. आत्ता एकत्र लागले, तर पुन्हा किती सेकंदांनी एकत्र लागतील?'

मोठा सात. सात, चौदा, एकवीस… बेचाळीस. झालं. खूण करून मी पुढे जाणार, तोच हात थांबला.

दोन म्हणजे माझं पाणी. तीन म्हणजे त्याचं. आणि सात… रविवार.

तो पहिला सोमवार आठवला. 'काल रविवारी दोन्हीकडे आलं होतं ना?' त्या रविवारपासून बेचाळीस दिवस. मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. बेचाळिसावा दिवस म्हणजे येता रविवार. परीक्षेचा! पाचला पाणी येणार आणि मी तेव्हा ठाण्याहून परतणाऱ्या बसमध्ये, घोडबंदरच्या रस्त्यावर कुठेतरी. आणि तो पण.

मी हळूच शेजारी पाहिलं. त्याने ४२ वर खूण केली होती. पेन तिथेच टेकलेलं. पुढे हलत नव्हतं.

मी पंधराव्या गणिताकडे वळले. त्यानेही पान उलटलं.

गुरुवारी मी आईकडे नुसता विषय काढला. आई भाकरी थापत होती. "रविवारी पाणी आहे ना गं? मला शुक्रवारची सुट्टी, रविवारी कामावर जावं लागणार. मग भरणार कोण? एक वेळ चुकली तर मंगळवारपर्यंत कोरडं. असली वरची परीक्षा नाही दिली तर काय अडतं का? बोर्डाची दे की नीट."

रविवारी पप्पा घरी असतात. पण हे आईला सुचलं नाही, आणि खरं सांगते, त्या दिवशी मलाही सुचलं नाही. आमच्याकडे रविवार म्हणजे पप्पांचा. मॅच, जेवण, झोप. त्यांना कुणी कधी हंडा उचललेलं पाहिलेलंच नाही, तर सुचणार कसं?

* * *

शनिवार. एक्केचाळिसावा दिवस. आमचा शेवटचा 'पाच'.

क्लास सुटल्यावर मी त्याच्याबरोबर उत्तनच्या बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले. दिव्या आणि मनाली दहा पावलं मागे, अशा कुजबुजत की भाजीवालीला पण ऐकू जावं.

"मी उद्या येत न्हाय," तो म्हणाला.

मला माहीत होतं. तरी विचारलं.

"का?"

"उद्या लगीनतिथी हाय. आई नि आजी वेण्या घेऊन सकाळीच निघणार. बाबांना पण भाडी लागलेली. पाणी गेलं तर…" त्याने खांदे उडवले. "आजी म्हातारी हाय, चांदणी. तिला विहिरीवर पाठवू काय?"

"घरी सांगितलंस, परीक्षा आहे म्हणून?"

तो चपलेकडे बघायला लागला.

"सुयोग! सांगितलंस?"

"सांगून काय होणार?"

"अरे, सांगितलंच नाहीस!" मला असा राग आला! त्याचा आला की माझा, कळेना. "परत तेच! उरलेलं सोडून देतोस तू. साठ केलेस नि निघालास. पाच उरलेत ना अजून!"

"तू सांगितलंस?"

मी उगाच दप्तराचा पट्टा सरळ केला.

"तुझं पण पाणी हाय उद्या," तो म्हणाला. "मंगळवारीच कळलं मला. तू बोटं मोजत होतीस. दोनदा."

"मग बोलला का नाहीस?"

"तूच न्हाय बोललीस." तो चपलेने माती उकरत होता. "मला वाटलं… मी येत न्हाय म्हटलं, तर तू पण जायची न्हायस. म्हणून आज सांगायचं न्हाय असंच ठरवलं होतं. पण मग उद्या तू बसमध्ये वाट बघत बसशील…" त्याचा आवाज एकदम खाली आला. "चांदणी, सहाव्या दिवशी हंडा लावला ना, की शेजारची काकू ओरडते. म्हणते, पाणी वाहून चाललंय, लक्ष कुठं हाय तुझं?"

रस्त्यावर रिक्षा होत्या, हॉर्न होते, मागे दोन मैत्रिणी कान टवकारून होत्या. मला काही म्हणजे काही ऐकू येईना.

"कुठे होतं लक्ष?" मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझाच. कुणाची पैज नाही.

त्याने पाहिलं. सरळ. पहिल्यांदा खिडकीकडे नाही, चपलेकडे नाही.

"भाईंदर पश्चिम," तो म्हणाला. "तिसरा मजला."

मी हसले, आणि डोळ्यांत पाणी पण आलं. चार किलो हसू नि एक थेंब पाणी, असं काहीतरी. "आमच्याकडे अंबिकाबेन ओरडतात," मी म्हटलं. "ध्यान किधर है."

"मग? कुठं असतं?"

"डोंगरी. तुला मिनिटभर मिळतं ना एका गणिताला? तू लाव उत्तर."

त्याच्या गालावर खळी पडली. बस आली. लोक चढू लागले. मी त्याच्या शर्टाची बाही धरली. अख्ख्या रस्त्यासमोर!

"ऐक. ठाण्याची बस साडेआठला सुटते. मी आज घरी सांगणार. तू पण सांग. आजीला सांग, आईला सांग, शेजाऱ्यांना सांग, कुणालाही सांग, पण तोंड उघडून सांग. तू आलास तर उत्तम. नाही आलास तरी मी चढणार, सुयोग. मी परीक्षा सोडणार नाही, तुझ्यासाठी पण नाही."

त्याने बाही सोडवून घेतली नाही.

"पण खिडकीची जागा तुझ्यासाठी धरून ठेवीन," मी म्हणाले. "ठाण्यापर्यंत कुणाला बसू देणार नाही."

कंडक्टरने घंटी मारली. तो फुटबोर्डवर चढला, वळला आणि ओरडला, "न्हाय सोडत! उरलेले पाच न्हाय सोडत या वेळी!" सगळी बस आमच्याकडे बघत होती. मनाली तर रडतच होती, वेडी.

मी घरापर्यंत धावत आले. चौपन्न पायऱ्या, हंड्याशिवाय! इतकं हलकं वाटलं ना, की एकोणीसचा पाढा दुसऱ्याच मजल्यावर संपला.

आई नुकतीच आली होती, पाय पसरून बसली होती. पप्पांचा शनिवारी अर्धा दिवस, ते टीव्हीसमोर. मी मध्ये जाऊन उभी राहिले. अगदी टीव्हीच्या पुढ्यात.

"अगं, बाजूला हो," पप्पा म्हणाले. "स्कोर दिसू दे."

"पप्पा, आई, मला एक सांगायचंय. विचारायचं नाही, सांगायचंय."

आईने मान वर केली. पप्पांनी रिमोट खाली ठेवला.

"उद्या मी साडेआठच्या बसने ठाण्याला जाणार आहे. परीक्षेला. ती एकदाच असते आणि मला ती येते. पाणी पाचला येईल. सोळा हंडे लागतात. उद्या ते पप्पा भरतील."

आईने एकदा पप्पांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग तिने पदराआड तोंड लपवलं. हसू लपवायला, हे मला तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळलं.

"सोळा?" पप्पा म्हणाले.

"सोळा. चौपन्न पायऱ्या. पाढे म्हणत चढायचं, दम कमी लागतो. आणि मला यायला उशीर होईल, पण काळजी करू नका. बसमध्ये शेजारी माझा मित्र असेल. सुयोग, डोंगरीचा. मला तो खूप आवडतो. त्याच्यासाठी मी खिडकीची जागा धरणार आहे. ठरलंय माझं."